शेवटच्या थेंबाशी

व्हर्लिन टेस्केला बोलतं करणं आमच्या गावात एकाच माणसाला जमायचं, तो लव्हर्न नूटसन. दोघं लहानपणापासूनचे शेजारी. चीजच्या कारखान्यात बरोबर लागले, बरोबर निवृत्त झाले आणि एकतीस वर्षं त्यांनी जोडीने धनुष्यबाणाने हरणाची शिकार केली. लव्हर्न बोलायचा, व्हर्लिन मान हलवायचा. व्हर्लिनची बायको आर्डिस गेल्यावर लव्हर्न रोज सकाळी त्याच्याकडे कॉफीला जायचा आणि दोघांच्या वाटचं बोलून यायचा.

एका फेब्रुवारीत लव्हर्न बर्फ उपसता उपसता गेला. त्यानंतर कित्येक महिने मी व्हर्लिनचा आवाज ऐकला तो फक्त पोस्टात, तिकिटं मागताना.

आमच्याकडे, उत्तर विस्कॉन्सिनमध्ये, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी धनुष्यवाले शिकारी क्लबाच्या हॉलमध्ये जमतात. ज्याला त्या हंगामात हरीण मिळालं, त्याने उभं राहून हकिकत सांगायची. माझे यजमान हॅरल्ड असताना मी त्यांच्याबरोबर जायचे. ते गेले तरी तिथे बटाट्याचं सॅलड नेणं काही सुटलं नाही. तिथले निम्मे लोक माझ्या चौथीच्या वर्गातून गेलेले, म्हणून मला बाई म्हणतात. उरलेले निम्मे त्यांचं ऐकून म्हणतात.

हकिकतीचा नियम जुना आहे. शिकाऱ्याने बाण सुटेपर्यंतच सांगायचं आणि खाली बसायचं. पुढचं त्याच्याबरोबर मागावर गेलेल्याने सांगायचं. बाण लागलेलं हरीण सहसा जागच्या जागी पडत नाही. झाडावरच्या मचाणात निदान अर्धा तास गप्प बसावं लागतं, नाहीतर ते पुन्हा उठून लांब जातं. मग खाली उतरून रक्ताच्या थेंबांवरून जायचं. एकाने सापडलेल्या शेवटच्या थेंबाशी उभं राहायचं, तिथून हलायचं नाही. दुसऱ्याने पुढचा थेंब शोधायचा. माग हरवला तर परत यायला ती एकच खूण असते.

व्हर्लिनचा अर्धा भाग तीन वाक्यांचा असायचा. लव्हर्नचा वीस मिनिटांचा.

लव्हर्न गेला त्या वर्षी डिसेंबरात व्हर्लिनला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "या वर्षी काही नाही." जेवला आणि गेला. पण महिन्याभरापूर्वीच माझ्या ओसरीवर हरणाच्या मांसाचं पुडकं ठेवलेलं होतं, नेहमीसारखं दोऱ्याने बांधलेलं.

पुढच्या नोव्हेंबरात तो पुडकं ठेवत असताना मी दार उघडलं.

"हे कुठून आलं?"

"दुकानातून."

"दुकानात हरीण मिळत नाही, व्हर्लिन."

तो बुटांकडे बघत राहिला. वर्गात असाच एखादा उभा राहायचा.

"मागच्या वर्षीही मिळालं होतं ना? मग नाही का म्हणालास?"

"अर्धीच हकिकत सांगून काय करू, बाई? पुढचं सांगायला कोण आहे?"

"मागावर कोणाला तरी न्यायचंस."

"ज्याला त्याला आपापला जोडीदार आहे," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

त्या डिसेंबरात हॉल भरलेला होता. कर्टिस प्रीबेने आपला नर कसा ओढ्याकाठी आला ते रंगवून सांगितलं आणि बसला. त्याची मुलगी जोलीन उठली.

"बाबांनी बाण सोडला आणि मला फोन केला. म्हणे, लवकर ये, माझे पाय कापतायत, उतरता येत नाहीये. हरीण चाळीस पावलांवर पडलं होतं. बाबांना खाली आणायला जास्त वेळ लागला."

"थंडी होती," कर्टिस म्हणाला.

"सप्टेंबर होता, बाबा."

हसणं ओसरल्यावर पुढे बसलेल्या एलरॉय शाबेलने हाक मारली. सगळ्यांना बोलावण्याचं काम त्याचं. "व्हर्लिन, तुझं यंदा काय? का हरणंच तुला बघून हसतात?"

व्हर्लिन उठला. मला वाटलं, पुन्हा तेच म्हणणार.

"मिळालं," तो म्हणाला. "दलदलीच्या कडेला, सकाळी आठला. आठ टोकांच्या शिंगांचा नर. वीस पावलांवर आला. बाण सोडला."

आणि नियमाप्रमाणे खाली बसला.

कोणीच उठलं नाही. कोणीतरी बाटली टेबलावर ठेवली, तिचा आवाज झाला. एलरॉय या टेबलाकडून त्या टेबलाकडे बघत होता. मलाही उठता येत नव्हतं. मी तिथे नव्हते.

"पुढचंही तूच सांग," एलरॉय शेवटी म्हणाला. "नियम राहू दे बाजूला."

व्हर्लिन बसल्या बसल्याच बोलला. "मी लवकर उतरलो. दहा मिनिटांतच. घड्याळ लव्हर्न बघायचा. मला एकट्याला वर बसवेना. नर उठला आणि दलदलीत शिरला. मग थेंब लांब लांब पडायला लागले. शेवटच्या थेंबाशी उभं राहायला कोणी नव्हतं, तर तिथे टोपी ठेवायचो आणि पुढे जायचो. मग टोपी दिसायची नाही. ती शोधायला परत यायचो. दोन वाजता सापडला." मग म्हणाला, "बराच वेळ मी टोपीच शोधत होतो."

"अरे, मग फोन करायचास," कर्टिस म्हणाला.

"कोणाला?"

हे त्याने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. चाळीस माणसं बसली होती, त्यांतल्या कोणालाही त्याने हाक मारली असती तर तो धावला असता. पण पावणेदोन वर्षांत एकानेही त्याला तसं बोलून दाखवलं नव्हतं. मीही नाही. मांस मात्र दोन्ही वर्षं खाल्लं.

निघताना पाच-सहा जणांनी त्याला चिठ्ठ्यांवर आपले नंबर लिहून दिले. त्याने नीट घडी घालून त्या खिशात ठेवल्या. त्यांतल्या एकालाही तो फोन करणार नाही, हे मला कळत होतं.

मी त्याला गाडीपाशी गाठलं. "मला उभं राहता येतं," म्हटलं.

"काय?"

"थेंबाशी. बेचाळीस वर्षं फळ्यापाशी उभी होते. शोधता येणार नाही, डोळे अधू झालेत. पण उभी राहीन."

त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "गार असतं तिथे, बाई."

"मीही इथलीच आहे."

"बघू," म्हणाला.

ऑक्टोबरात एका सकाळी नऊ वाजता फोन वाजला. "बाई, मी अजून झाडावर आहे. अर्धा तास थांबायचंय. तेवढ्यात याल का?" तो कुजबुजत होता.

मी हॅरल्डचे रबरी बूट घालून गेले. व्हर्लिनने मला एका वाळक्या फर्नपाशी उभं केलं. पानावर तपकिरी पडलेला एक ठिपका होता, वाटाण्यापेक्षा लहान. "इथून हलू नका," म्हणाला आणि झाडीत शिरला.

पाच मिनिटांत दिसेनासा झाला. बुटांतून गारवा वर चढायला लागला. पक्षीसुद्धा नव्हता. माझ्या घरातही तेव्हा सहा वर्षांपासून असंच शांत होतं, पण तिथे निदान रेडिओ आहे. सगळा वेळ मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले, कारण नजर हटवली तर तो पुन्हा सापडणार नाही अशी भीती वाटत होती.

मग लांबून हाक आली. "बाई, आहात ना?"

"आहे," मी ओरडले.

थोड्या वेळाने पुन्हा, आणखी लांबून. "आहात ना?"

"आहे रे."

त्याला माग मिळत होता की नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तासभर तो तेवढंच विचारत राहिला, आणि मी तेवढंच सांगत राहिले.