पाणमळ्याच्या शाळेचा आवाज

पाणमळ्याची शाळा दिसायच्या आधी ऐकू यायची. इस्लामपूरकडून आलेली गाडीवाट वारणेच्या अंगाला उतरली की दोन्ही बाजूंनी ऊस, आणि त्या उसापलीकडून पोरांनी ठसक्यात म्हटलेला धडा. नवख्याला वाटावं, या गावात बारा महिने सप्ता बसलाय की काय. गावाला मात्र त्या आवाजाशिवाय चैन पडत नसे. भांगलायला गेलेल्या बाया एक कान शाळेकडं ठेवून बसायच्या आणि धड्याचा सूर चालू असेतो त्यांचं खुरपंही चालू असायचं.

हा सूर नाथाजी लोखंडे गुरुजींनी बसवला होता. सातवीची फायनल पास होऊन मास्तरकीला लागलेला, सडपातळ, टोपी कायम किंचित तिरकी असलेला हा माणूस कोयनेच्या भूकंपाच्या वेळी पाटणकडच्या एका वाडीवर शिकवत होता. पहाटे जमीन हलली आणि अंधारात वाडी बसली. उजाडल्यावर गुरुजींना दुसरं काही सुचेना. ते ढिगाऱ्यांवरून फिरत हजेरीतल्या नावांनी पोरांना हाका मारत सुटले. काही ठिकाणांहून बारीक आवाजात ओ आली, तिथं माणसं धावली. काही ठिकाणी हाक मारून मारून घसा बसला, तरी आतून काही आलं नाही.

तेव्हापासून गुरुजींना शांततेचं भय बसलं. बायको चुलीपुढं जरा वेळ गप्प बसली तरी हे तिला काहीबाही विचारत. ती बिचारी शेजारणीला सांगायची, लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आत्ता कुठं हे बोलके झालेत. हसण्यावारी न्यायची ती, पण खरं कारण तिलाही ठाऊक होतं.

पुढं त्यांची बदली पाणमळ्याला झाली. शाळा म्हणजे एकच लांब खोली, मातीच्या भिंती, वर कौलं. भूकंपात मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि लहानसहान हादरे अजून अधूनमधून बसतच होते. त्या चिरेकडं बोट दाखवून शालूबाईनं आपली रंगू शाळेत घालायला साफ नकार दिला. शालूबाईचं माहेर म्हणजे गुरुजींची ती आधीची वाडीच. तिचा भाऊ, भावजय आणि त्यांची पोरं, कोणी राहिलं नव्हतं. ती मात्र कोणी विचारलं की म्हणायची, जाईन की माहेराला सवडीनं, सध्या कामं लय हायती. जसा काही भाऊ उंबऱ्यात वाट बघत बसलाय. ऐकणारा मान डोलवायचा आणि दुसरा विषय काढायचा. गुरुजी तर तिच्या डोळ्यांत बघायचंही टाळत, कारण तिच्या भाच्यांना हाका मारणारे तेच होते.

त्याच शालूबाईला गुरुजींनी शब्द दिला. पोरांना दाराजवळ बसवीन आणि दिवसभर मोठ्यानं वाचायला लावीन. पोरांचा आवाज येतोय तोवर समजायचं, सगळी सुखरूप आहेत. आवाज थांबला तर धावत या. शालूबाईनं रंगूला पाठवलं. तिचं बघून बाकीच्या बायांनीही पाठवलं आणि शाळा भरली.

आता आवाज मोठा आणि न तुटणारा हवा, तर धडा पाठच पाहिजे. मग काय, सहामाहीच्या आत सगळं पुस्तक पोरांच्या तोंडात. बोट ओळीवरून फिरायचं, डोळे उसाकडं असायचे आणि तोंड चालू. सुरुवातीला गुरुजी मधूनच एखाद्या वाक्याचा अर्थ विचारत. पण अर्थ सांगायचा म्हणजे पोर विचार करायला गप्प होणार. ती गप्प झाली की गुरुजींच्या कपाळाला घाम. ते घाईघाईनं पुढची ओळ म्हणायला लावत. हळूहळू त्यांनी विचारायचंच सोडून दिलं. मनात टोचणी होती, नाही असं नाही. पण टोचणीपेक्षा भय मोठं होतं.

अशी काही वर्षं गेली. दुष्काळ येऊन गेला, रंगू चौथीत आली, आणि त्या हिवाळ्यात तपासणीला नवे साहेब आले. पिसाळ साहेब. आधीचे साहेब खणखणीत वाचन ऐकून खूश व्हायचे, चहा प्यायचे आणि शेरा लिहून मोटरसायकलला किक मारायचे. हे तसले नव्हते. चौथीचा धडा त्यांनी दोनच ओळी ऐकला आणि हात वर करून थांबवला. म्हणाले, आता पुस्तकं मिटा, मी फळ्यावर लिहितो ते मनातल्या मनात वाचायचं. मूकवाचन.

मूकवाचन हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच आला. पोरं फळ्याकडं बघून गुणगुणू लागली. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. अगदी ओठही हलू द्यायचे नाहीत, म्हणाले. आणि पाणमळ्याची शाळा भरदुपारी गप्प झाली.

गुरुजींना कौलांवरचा कावळा ऐकू आला, खडूची भुकटी पडलेली ऐकू आली. चिरेकडं बघायचं नाही असं ठरवूनही ते तिकडंच बघत राहिले. मोठ्यानं काहीतरी बोलावं, कोणाचं तरी नाव घ्यावं असं त्यांना अनावर वाटत होतं, आणि साहेब मनगटावरच्या घड्याळात बघत उभे होते.

तेवढ्यात बाहेर पाचोळा वाजला. उसातून बाया धावत येत होत्या, पदर सुटलेले, हातात खुरपी तशीच. सगळ्यांत पुढं शालूबाई. ती दारातून आत घुसली आणि रंगूला दंडाला धरून बाहेर ओढायला लागली. रंगू ओरडायला लागली, तिचं बघून बाकीची पोरं रडायला लागली. साहेबांना वाटलं, गावात दंगा झाला. गुरुजींनी कसंबसं समजावलं, काही झालेलं नाही, परीक्षा चाललीय. बाया दम खात दारातच बसल्या. जायला कोणी तयार नव्हतं.

साहेब चिडले खरे, पण माणूस कामाचा पक्का. त्यांनी प्रश्न विचारलाच. फळ्यावर चार ओळींची गोष्ट होती. गणू जोंधळ्याची पिशवी घेऊन गिरणीकडं निघाला. ओढ्यापाशी थांबून त्यानं कान दिला. गिरणीचा आवाज येत नव्हता. तो तसाच माघारी फिरला. तर गणू माघारी का फिरला? पाणमळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की गिरणीची पुकपुक ऐकू आली नाही तर गिरणी बंद. पण ते ठाऊक असणं आणि फळ्यावरचं वाचणं यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्या पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं. जोतीराम नावाचा सगळ्यांत हुशार पोरगा उभा राहिला, हाताची घडी घातली आणि चारी ओळी एका दमात, एक कानामात्रा न चुकता म्हणून दाखवल्या. साहेबांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा त्याच म्हटल्या, जरा जास्त मोठ्यानं.

एकेक करून सगळी चौथी उभी राहिली आणि सगळ्यांनी तेच केलं. साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. रागानं नाही, आणि तेच गुरुजींना जास्त लागलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, ही मुलं वाचत नाहीत. असंच असेल तर ही चौथी इथं ठेवण्यात अर्थ नाही, नदीपलीकडच्या मोठ्या शाळेला जोडू. महिन्याभरानं पुन्हा येतो, तेव्हा बघू.

नदीपलीकडं म्हणजे नावेतून. पावसाळ्यात फुगलेल्या वारणेतून पोर कोण पाठवणार? चौथी गेली की पाणमळ्याच्या पोरींची शाळा तिथंच संपली, हे दारातल्या बायांनाही समजलं. साहेबांची मोटरसायकल दूर गेल्यावर शालूबाई उठली आणि गुरुजींच्या समोर उभी राहिली.

"गुरुजी, एवढी वर्सं आमी कान लावून बसलो," ती म्हणाली. "मग त्यो आवाज कसला हुता?"

टोपी काढून गुरुजींनी ती उगाच झटकली.

त्या रात्री ते ताटावरून तसेच उठले. चौथी गेली तर ती आपल्या भयानं गेली, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. सकाळी ते स्वतःच बायांकडं गेले आणि म्हणाले, आता रोज घटकाभर शाळा गप्प राहील. मला त्याची तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते, पण इलाज नाही. बायांनी आपापसांत बोलून ठरवलं की त्या वेळात एकीनं पाळीनं शाळेच्या उंबऱ्यावर बसायचं. बसल्या बसल्या शेंगा फोडायच्या. ती बसलेली लांबून दिसली की बाकीच्यांनी समजायचं, सगळं ठीक आहे.

मग रोज गुरुजी फळ्यावर काहीतरी लिहीत. विहिरीवरच्या भांडणाचं, हरवलेल्या रेडकाचं, रजा संपून पलटणीत परत निघालेल्या जवानाचं. पोरांनी मुकाट वाचायचं आणि नंतर आपल्या बोलीत सांगायचं. फळ्यावरचा शब्द जसाच्या तसा म्हटला की गुरुजी खाली बसवत. पोरं आधी बावचळली. गुरुजींची तर रोज परीक्षा. ते दाराची चौकट घट्ट धरून उभे राहायचे, ओठ आवळून, आणि ते गप्प बसणं संपलं की त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा. एकदा त्यांना राहवलं नाही, मधेच त्यांनी रंगूला हाक मारली. तिनं दचकून वर पाहिलं. काही नाही, वाच, म्हणाले. ती पोर बराच वेळ फळ्याऐवजी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

एक दिवस जे व्हायला नको तेच झालं. पोरं वाचत होती आणि कौलं बारीक किणकिणली. सगळी गप्प होती म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. धडा चालू असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. गुरुजींच्या तोंडून शब्द फुटायच्या आधी जोतीरामनं धाकट्यांना दाराबाहेर लोटलं, पोरं भराभर पटांगणात आली, आणि मग हादरा बसला. भिंतीची माती ढासळली, दोन-चार कौलं आत पडली, बस. कोणाला खरचटलंही नाही. गुरुजी मात्र पटांगणातच मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. कोणी त्यांना थांबवलं नाही. त्यानंतर बायांनी शांततेबद्दल कुरकुर केली नाही, पण उंबऱ्यावरची पाळी काही मोडली नाही.

महिना भरला आणि पिसाळ साहेब आले. त्या दिवशी उंबऱ्यावर पाळी शालूबाईची होती. साहेबांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि ते फळ्यावर लिहायला लागले.

एक म्हातारी रोज नदीकाठी येऊन बसे. नावाडी विचारी, आजी, पलीकडे येता? म्हातारी म्हणे, आज नको, उद्या. तिची लेक पलीकडच्या वस्तीत राहत असे. गेल्या श्रावणात नदीला मोठा पूर आला होता. त्याआधी म्हातारी दर बाजाराला पलीकडे जाई.

गुरुजींनी ते वाचलं. त्यांनी चटकन उंबऱ्याकडं पाहिलं. शालूबाईला अक्षर येत नव्हतं. ती शेंगा फोडत होती.

खोली गप्प झाली. या खेपेला कोणाचे ओठ हलले नाहीत. साहेबांनी विचारलं, म्हातारी कुठं बसत असे, लेक कुठं राहत असे. पोरांनी भीतभीत का होईना, बरोबर सांगितलं. मग साहेब म्हणाले, आता जरा अवघड. याचं उत्तर फळ्यावर लिहिलेलं नाही, पण गोष्टीत आहे. म्हातारी रोज येते, नाव तयार आहे, मग ती पलीकडं का जात नाही?

जोतीराम उठला, पाण्याला भीत असंल म्हणाला. साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. आधी तर जायची की. तो खाली बसला. दुसरं कोणी उठेना. गुरुजींच्या मनात आलं, संपलं, गेली चौथी. मग त्यांनी रंगूकडं पाहिलं. तिला उत्तर सापडलंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, या पोरीनं आत्ता गप्पच राहावं.

रंगू उभी राहिली.

"तकडं गेली तर खरं व्हईल," ती म्हणाली. "म्हनून जात न्हाई."

"काय खरं होईल?"

"लेक ऱ्हायली न्हाई, त्ये. हिकडंच बसलं तर लेक हाय."

साहेबांच्या हातातला खडू तसाच राहिला. हे तुला कसं कळलं, त्यांनी विचारलं, हे इथं कुठल्या ओळीत आहे?

रंगूनं एकदा फळ्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं. तिचा आवाज बारीक झाला.

"वळीत न्हाई," ती म्हणाली. "माझी आई बी जात न्हाई."

उंबऱ्यावर शेंगा फोडायचा आवाज थांबला.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गुरुजींकडं बघून मान डोलावली. चौथी राहिली, हे गुरुजींना कळलं. त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ते दाराकडं बघायला भीत होते. शेवटी त्यांनी पाहिलं, तेव्हा शालूबाई सूप बाजूला ठेवून उठली होती आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "माज्या दादाच्या पोरांना तुमी हाका मारल्या, तवा कोनीच ओ दिली न्हाई?"

सगळी चौथी गुरुजींकडं बघत होती. मोठ्यानं काहीतरी म्हणायला लावावं, असा एकही धडा त्या क्षणी त्यांना आठवला नाही.

"नाही, शालूबाई," गुरुजी म्हणाले. "कोणीच नाही."