सपत्नीक सत्कार

सरकारला अन्याय आठवतो तो बहुधा आधीच्या सरकारचा, आणि आठवला की कमान उभारली जाते. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांसाठी गेल्या वर्षी डोंबिवलीत अशीच कमान उभी राहिली. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. निवृत्त मास्तराचं बाकी सगळं जातं, आवाज तेवढा उरतो.

ठाकुर्लीच्या आमच्या शेजारच्या आजोबांचाही सत्कार व्हावा, हा हट्ट माझाच. ते तुरुंगात गेले नव्हते. नवं लग्न झालेलं असताना त्यांना शहाडच्या बाजारातून उचलून शिबिरात नेलं आणि त्यांची नसबंदी केली. लाजेने ते गप्प राहिले. मूल होईना, तेव्हा गावाने आजींना वांझ ठरवलं. डोहाळजेवणाला, बारशाला त्यांना कुणी बोलावत नसे. खरं काय ते ठाऊक असून त्याही बोलल्या नाहीत; मला हे आजोबांनी अलीकडेच सांगितलं.

आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा आजींनी विचारलं, "मास्तर, काय झालेलं ते माइकवरून सांगाल ना? आमची सगली भावकी येनार हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

ऐनवेळी संयोजक कानाशी लागले. "मास्तर, नसबंदी शब्द नको हां. बायका बसल्यात. 'अन्याय सोसलेले' म्हणा, त्यात सगळं आलं."

मी तसंच म्हणालो.

सत्कार सपत्नीक होते. आजोबांना शाल मिळाली. मग महिला मंडळाच्या अध्यक्षा तांदूळ, खण, नारळ घेऊन पुढे आल्या. आधीच्या सगळ्याजणींची ओटी भरली होती, रीतच ती. पोराबाळांच्या आशीर्वादाची ओटी त्या दोघांसमोर आणणं म्हणजे काय, हे त्यांच्याखेरीज त्या व्यासपीठावर मलाच ठाऊक होतं, आणि माइक माझ्याच हातात होता. आजींनी पदर पसरला.

"आजी, जरा हसा की," फोटोवाला म्हणाला.

टाळ्या झाल्या. भावकीच्या सर्वांत जोरात.

परतताना आम्ही एकाच रिक्षात बसलो. आजींनी नारळ मांडीवर धरला होता. गल्लीच्या तोंडाशी भावकीतल्या दोघी-तिघी थांबलेल्या. त्यांतली एक म्हणाली, "आजी, आजोबा जेलात गेलेले? आम्हाला कधी बोलला नाय ते."

आजींनी माझ्याकडे पाहिलं.

इथे संयोजक नव्हते, पाहुणे नव्हते. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्या बायकाच समोर उभ्या होत्या.

"सांगतील आजोबा सवडीने," मी म्हणालो.

आजी नारळ घेऊन आत गेल्या.