खंडेनवमीला धुतलेला फिल्टर

दुकानदाराने खोकं माझ्या नवऱ्यापुढे ठेवलं, तिथेच माझं डोकं तापलं. मासे माझ्या थोरल्या भावाचे, महिनाभर चौकशी केली ती मी, आणि हा गृहस्थ ‘सार, सार’ म्हणजे ‘सर, सर’ करत यांना सांगतोय की हा फिल्टर तासाला हजार लिटर पाणी फिरवतो. घरातला मुख्य नळ कुठे बंद होतो ते ज्यांना ठाऊक नाही, ते आमचे ‘सार’ मान डोलावत होते.

“रिकाम्या डब्यातून हजार लिटर, की आत स्पंज आणि चिनीमातीच्या रिंगा भरल्यावर?” मी तमिळमध्ये विचारलं.

“अम्मा, खोक्यावर छापलंय ना!”

छापलंय म्हणे! छापणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? कॅनिस्टर फिल्टर म्हणजे टाकीखालच्या कपाटात बसणारा बंद डबा. एका नळीने पाणी खाली येतं, आतल्या थरांतून गाळलं जातं आणि दुसऱ्या नळीने वर चढतं. थर भरले आणि पाणी वर चढवायला लागलं, की छापील आकडा कुठल्या कुठे राहतो. त्यातून आमचे तीन गोल्डफिश म्हणजे खादाड, घाणही तेवढीच करणारे. मला एक माप मोठा फिल्टर हवा होता, रिंगांना भरपूर जागा असलेला, नळ्यांना बंद करायच्या तोट्या असलेला. तो मात्र निळा दिवा लागणारा एक गळ्यात मारायला बघत होता. तासभर हुज्जत घातली आणि मला हवा तोच घेऊन बाहेर पडले. निघताना तो म्हणाला, “मॅडमना बरंच कळतं, सार.” हेही यांनाच!

एवढा हट्ट अण्णासाठी होता. अण्णा म्हणजे माझा भाऊ. स्वामीमलैच्या मूर्तिशाळेत त्यांनी जन्मभर कानस चालवली, ओतून आलेले देव घासून लखलखीत केले. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते आमच्याकडे पलंगावर आहेत. दिवसभर कुणाशी बोलत नसत. बोलत ते फक्त त्या तीन माशांशी, तेही पिढ्यान्‌पिढ्या इकडे तमिळ मुलखात राहून वेगळ्या झालेल्या आपल्या घरच्या मराठीत. तेवढं बोलणं तरी टिकावं, एवढंच मला हवं होतं.

फिल्टर बसवला. रिंगांवर पाणी निर्मळ ठेवणारे जिवाणू वाढायला दीड महिना लागला. पाणी असं नितळ झालं की अण्णा मासे मोजून दाखवायला लागले. मी यांना दहादा बजावलं होतं, डबा उघडायचा नाही. उघडलाच तर रिंगा टाकीतल्याच पाण्यात हलक्या हाताने विसळायच्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, जिवाणू मरतात.

पण खंडेनवमी आली. गावात तिला आयुधपूजा म्हणतात. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं धुऊन, चंदन-कुंकू लावून देवापुढे ठेवायचं, आणि पूजेला बसलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायची नाही. मी त्या दिवशी नात्यातल्या एका लग्नाची साडी घ्यायला तिरुभुवनमला गेले होते. परत येऊन बघते तर देवापुढे कात्री, विळी, मिक्सर, अण्णांची कानस, आणि मधोमध फिल्टर! चंदनाची तीन बोटं ओढलेला.

“तुम्हाला सांगितलं होतं ना?” मी यांच्यावर ओरडले.

“घाणेरडं आयुध देवापुढे कसं ठेवायचं?” हे म्हणाले. “मी फक्त नळाच्या बादल्या आणून दिल्या.”

अक्कल गहाण टाकली म्हणजे माणूस असा बादल्या आणून देतो! मी आणखी सुनावणार, तेवढ्यात पलंगावरून हाक आली.

“बघ गे, अस्कं मीच धुवलों. एकेक रिंग. कित्ती घाण होती!”

मांडीवर ताट घेऊन अण्णा बसले होते. ताटात रिंगा, घासलेल्या दातांसारख्या पांढऱ्याशुभ्र. पडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या हातांना काम मिळालं होतं. गंजीफ्रॉक ओला, चेहरा फुललेला. फिल्टर आत्ता लावू का, एवढंच मी विचारलं.

“छे! पूजेला बसलाय. उद्यां.”

दुसऱ्या दिवशी लावला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मी क्लोरीन उडून जाईस्तोवर उघडं ठेवलेलं पाणी रोज टाकीत घालून जुनं काढलं, खाणं बंद केलं, तरी मासे वर येऊन तोंड वासायला लागले. आठवड्यात तिन्ही गेले.

“काय झालं गे?” अण्णांनी विचारलं.

ज्याच्याशी तासभर खऱ्याखोट्यावरून भांडले, त्याच दुकानदारावर मी सरळ खापर फोडलं. “फिल्टरच भिकार निघाला, अण्णा. फसवलं मेल्याने.”

अण्णा आपले दोन्ही हात उलटसुलट करून न्याहाळत म्हणाले, “त्याला कशाला बोलतेस? माझंच चुकलं. एकदांच धुवलों. रोज धुवलों असतों तर जगले असते.”