गाईच्या नावानं

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी कारंज्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. लहानपणीच विधवा झालेली बाई इंग्रजी शिकवून पगार घेते हे गावाला पचत नव्हतं, आणि मला उलट बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. त्यामुळे शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे.

गावातल्या एका जमीनदाराच्या घरी सुनेला शिकवायला मला बोलावलं. तिचा नवरा नागपुरात वकिली शिकत होता, आणि बायकोला इंग्रजी आलंच पाहिजे असा त्याचा हट्ट. सासूनं मुलाचं ऐकलं, पण अट घातली. शिकवणी तिच्यासमोर व्हायची, आणि सून इंग्रजीत जे बोलेल ते लगेच मराठीत सांगायचं. आपल्या घरात आपल्याला न कळणारी भाषा चालावी हे तिला मंजूर नव्हतं. ती सुपात तूर निवडत आमच्याजवळच बसायची.

सून हुशार होती, पण वाक्यं सुटी सुटी. मी उठते. मी पाणी भरते. मी जेवते. मी तिला वाक्यं जोडायला शिकवू लागले. 'बिकॉज' शिकवताना गाईचं उदाहरण दिलं: गाय दूध देते, कारण आपण तिला चारा घालतो. दोन दिवसांनी ती खाली मान घालून इंग्रजीत म्हणाली, मी रात्री जेवत नाही, कारण जेवलीस का असं मला कुणी विचारत नाही. मी चपापले. सून काय म्हणाली ते सासूनं विचारलं.

"गाय राती खात नाही," सून शांतपणे म्हणाली, "कारन तिले चारा सकायीच भेटते."

त्यानंतर आमची गाय फारच बोलकी झाली. 'व्हेन' आला, 'ऑल्दो' आला, आणि माणसांनी भरलेल्या त्या घरात ही मुलगी किती एकटी आहे ते मला वाक्यावाक्यानं कळत गेलं. मग मीही उदाहरणं म्हणून माझीच वाक्यं देऊ लागले. माझ्या खोलीला कडी असली तरी ती वाजवणारं कुणी नाही, हे मी मराठीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं सांगते, दिवसभर मी त्या एका तासाकडे डोळे लावून बसायचे. सासूला सुगावा लागला तर तो तास जाईल, ही धास्ती आम्हा दोघींनाही होती.

एके दिवशी सून इंग्रजीत म्हणाली, माहेरी, धनजला, माझी आई अंथरुणावर आहे, पण मला कुणी पाठवत नाही, कारण घरात कामं आहेत. मराठीत सांगताना तिनं गाय आणि वासरू काढलं, आणि पदरानं डोळे टिपले.

सासूनं सूप खाली ठेवलं. "मास्तरीनबाई, मले इंग्रजी येत नाही. पन गाईचं सांगताना हिचे डोये काहून भरून येते?"

संपली शिकवणी, असं मी मनात म्हटलं.

"आता गाय राहू दे," ती सुनेला म्हणाली. "तुयं काय हाय ते सांग."

सून अडखळत बोलू लागली, आणि मग एकातून एक निघत गेलं. सासू ऐकत राहिली. तिचं स्वतःचं माहेर लांब, मेडशीचं. सून थांबल्यावर ती म्हणाली, "मायी माय गेली तवा मलेबी कोनी धाडलं नाही. उद्या दमनीले बैल जुंपाले सांगतो. तू जाय."

सून माहेरी जाऊन आली. आई सावरली होती. मी ठरल्या वेळी गेले, तर सासूनं मला आदरानं बसवलं आणि पायलीभर तूर पदरात घातली. मुलाला हवं तेवढं इंग्रजी सुनेला आलं, आता शिकवणी पुरे, असं म्हणाली. आतून सून चहा घेऊन आली, आणि सासू-सुना मघाच्याच कुठल्याशा गोष्टीवर हसत बोलत राहिल्या. मला बरं वाटलं, आणि रागही आला. राग कुणाचा, ते सांगता येत नव्हतं.

पुढे ती सून सासूबरोबर देवळात जाताना वाटेत भेटायची. पदर सावरून हसायची. माझं सारं ठाऊक असलेली त्या गावात ती एकटीच. कशा आहात, एवढं विचारायची आणि सासूचं राहिलेलं बोलणं ऐकत पुढे जायची.