थोरल्या जाऊबाईंचं पाव्हणं

आमच्या थोरल्या जाऊबाई वाऱ्याला पाव्हणं म्हणायच्या. ज्वारी मळून झाली की उफणायला वावडीच्या उंच तिपाईवर चढायच्या, पदर खोचायच्या आणि मावळतीकडे तोंड करून ओरडायच्या, "या की पाव्हणं! कवाची वाट बगायलेय!" लिंबागणेशच्या माळावर दुसरी कोणी असती तर लोकांनी वेडी ठरवली असती. ह्यांना हसायची कोणाची छाती होती!

मी खालून सुपं भरून द्यायची आणि कुरकुरायची, जमिनीवर उभं राहून उफणलं तर काय बिघडतं? त्या म्हणायच्या, "धाकटे, खाली पाव्हणं धसकटात अडखळतंय. कवा हिकडं, कवा तिकडं. वर बग कसं सरळ चालतंय." एकदा चिडून मी खालीच सूप उधळलं. सगळा भुसा माझ्या केसांत! जाऊबाई पोट धरधरून हसल्या, मग स्वतःच फणी घेऊन बसल्या. मला त्या फार आवडायच्या.

पुढे भावाभावांत बिनसलं. कशावरून, ते सांगण्यात अर्थ नाही. दोघेही सारखेच हट्टी. पाटील-पटवारी बसवून वाटणी झाली आणि भायांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, शेतातल्या आखाड्याच्या, घर-खळ्याच्या मधोमध पुरुषभर उंचीची दगडी भिंत रचली. मावळतीची बाजू त्यांची, उगवतीची आमची. बोलणं बंद.

सुगीला त्या भिंतीनं जीव खाल्ला. वारं तिच्यावरून उडी मारायचं आणि आमच्या खळ्यात गिरक्या घ्यायचं. वावडीवर चढूनही भुसा परत दाण्यांतच पडायचा. वर्षाचं धान्य मातेऱ्यात जायची वेळ आली, पण आमचे हे भावाकडे शब्द टाकायला तयार नाहीत. मी संतापानं रडले.

जाऊबाईंनी पलीकडून पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीतले दगड उपसायला लागल्या, इथे एक, तिथे एक. भाया धावत आले. "डोकं फिरलं का तुजं? भिंत पाडायलीस?"

"पाडत न्हाई, भोकं करायलेय. वाटणी तुमी भावाभावांची केली. पाव्हण्याची कोनी केली?"

भाया आल्या पावली माघारी गेले. भोकांतून वारं तुकड्यातुकड्यानं आलं, पण सरळ आलं. भुसा लांब जाऊन पडला. त्याच्याबरोबर जाऊबाईंच्या लसणाच्या फोडणीचा वासही यायचा. "आज अंबाडी का हो?" असं मी ओरडले की भोकातून वाडगा हजर! घर पुरतं तुटलं नाही ते त्या भोकांमुळेच, हे मी कोणापुढेही सांगेन.

मग मानमोडीची साथ आली. घरोघरी माणसं जाऊ लागली, जाऊबाईंनाही ताप भरला. सकाळी भिंतीशी गेले तर सगळी भोकं बुजवलेली, वरून शेणमातीचा लेप. मी भायांच्या नावानं बोटं मोडली. तेवढ्यात पलीकडून जाऊबाईंचा खोल गेलेला आवाज आला, "धाकटे, त्यास्नी नगं बोलू. मीच बुजवायला लावली. पाव्हणं माज्या अंगावरून तुज्या लेकरांकडं जातंय."

माझी लेकरं वाचली. जाऊबाई गेल्या.

त्यांचे दिवस झाल्यावर मी पहार घेऊन भिंतीशी गेले. लेप खरवडून एक दगड हलवला, तर तो पलीकडूनच ओढला गेला. भोकात भायांचा हात दिसला, शेणमातीनं माखलेला. आमच्यात भाया धाकट्या भावजयीशी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"बाजूला व्हय, पोरी," ते म्हणाले. "पाव्हण्याला येऊ दे."