पाच पायांचा मुंगळा

मुंगळ्याचा पाय मी मोडला. इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, आणि तसंही ते तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. हातात चहाचा कप, तोंडात बिस्कीट आणि मागे न बघता दोन पावलं सरकायची ही माझी जुनी खोड. टाचेखाली कट्‌कन आवाज झाला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि अकराला तपासणी समिती यायची होती.

मुंगळा म्हणजे आमच्या संस्थेच्या कार्यशाळेत घडलेला, जेवणाच्या ताटाएवढा, सहा पायांचा यंत्रमानव. मानव कसला, किडाच तो. चालायचं कसं हे त्याला कोणीच शिकवलं नव्हतं. संशोधन करणाऱ्या बाईंनी त्याच्या पोटात एवढंच भरलं होतं, की पुढे सरकलास तर शाबासकी, अंग सरळ राहिलं तर शाबासकी, बाकी तुझं तू बघ. जिवंत किड्याचा पाय तुटला तर तो रडत बसत नाही, उरलेल्या पायांची पाळी बदलून चालू लागतो. यंत्रालाही ते जमेल, असं बाईंचं म्हणणं. त्यासाठी नऊ वर्षं खपत होती बाईंची बुद्धी आणि कार्यशाळेच्या मिस्त्रींची आठ बोटं.

हो, आठच. तरुणपणी लेथवर काम करताना मिस्त्रींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. एवढं नाजूक काम आठ बोटांनी कसं जमतं, असं एका विद्यार्थिनीने विचारलं, तेव्हा कानस न थांबवता ते म्हणाले, "दहा होती तेव्हा एवढं बरं जमत नव्हतं." मग बऱ्याच वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखं, "दवाखान्यातून घरी आलो तर बायको शर्टाची बटणं लावून द्यायची. आठ दिवसांनी म्हटलं, तू लावत बसलीस तर ही उरलेली कशाला शिकतील? दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. अर्धा शर्ट उघडा टाकून कामावर यायचो. मग शिकली."

बायको की बोटं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी कार्यालयात पत्रव्यवहार बघायचो. सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे, कारण कारकुनाला दुसरं काही म्हणता येत नाही. दिवसातून दोनदा मी कार्यशाळेत चहाला जायचो. तेलाचा, तापल्या पत्र्याचा आणि उकळत्या चहाचा मिळून एक वास तिथे होता. तो मला अजून कुठे कुठे अचानक येतो आणि मी रस्त्यात उभा राहतो.

त्या सकाळी मात्र चहाचा कप तसाच टेबलावर राहिला. मुंगळा समितीपुढे चालला नाही, तर कार्यशाळा बंद होणार होती आणि मिस्त्रींची रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या गोदामात. ते पत्र मीच टाइप करून ठेवलं होतं. फक्त तारीख घालायची बाकी होती.

बाईंनी तुटका पाय पाहिला, मग घड्याळ पाहिलं. "नवा पाय करायला दोन दिवस. भाऊसाहेब, कार्यालयात हल्ली काहीच काम नसतं का?"

मिस्त्रींनी पायाचा उरलेला खुंट सोडवला आणि खिशात टाकला. "पाच आहेत की अजून."

"चालेल?"

"किडा चालतो म्हणून नऊ वर्षं तुम्हीच सांगताय, बाई."

मुंगळ्याला फरशीवर सोडलं. त्याने एक पाऊल टाकलं, कलला, आडवा झाला. आणि गप्प पडून राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाठीवरचा हिरवा दिवा जळत होता, पण पाय म्हणून हलवेना. बाईंचा चेहरा उतरला. "पूर्वी पडला की निदान धडपडायचा तरी."

मिस्त्री उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा पडला की उचलतं कोण, भाऊसाहेब?"

"म्हणजे... मीच. चहाला आलो की. बिचारा पडलेला बघवत नाही."

"कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्षं."

बाईंनी कपाळाला हात लावला. माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडून गप्प राहिलं की वरून हात येतो, अंग सरळ होतं, शाबासकी मिळते, आणि तीही पाय न झिजवता. मुंगळा शिकला होता. उत्तम शिकला होता. फक्त चालायचं सोडून.

"यंत्र चांगलंय, बाई," मिस्त्री म्हणाले. "संगत वाईट."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "हात मांडीखाली घाला. आणि आता तो मेला तरी काढायचे नाहीत."

जन्मात मी इतका वेळ स्वस्थ बसलो नसेन. मुंगळा माझी वाट बघत होता, शपथेवर सांगतो. सव्वादहाला त्याचा एक पाय हलला, अगदी नाराजीने. मग दुसरा. जागच्या जागी गोल फिरला, टेबलाच्या पायावर आपटला, त्याच पायाला रेटा देऊन उठला, पुन्हा पडला. बाई पेन्सिल चावत होत्या. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. पावणेअकराला तो दारापर्यंत गेला. तिरपा, थोडा थांबत, एका हातात पाण्याने भरलेली बादली घेतलेला माणूस चालतो तसा. पण गेला.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसून विचारलं, "हा वाकडा का चालतोय?"

"पाय मोडलाय," बाई म्हणाल्या.

"कोणी मोडला?"

"यांनी," मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "चाचणी म्हणून. आयत्या वेळी मोडला तरच खरं कळतं ना, साहेब."

समितीच्या अहवालात माझे आभार आहेत. ते पत्र मी फाडलं आणि कार्यशाळा पुढे सहा वर्षं चालली. मग मिस्त्री निवृत्त झाले, बाई दुसरीकडे गेल्या. आता त्या जागी काचेची खोली आहे, आणि तिच्यात चाकांच्या खुर्च्यांवर बसून लोक एकमेकांना आलेख दाखवतात. वास कसलाच येत नाही.

मागच्या महिन्यात मिस्त्रींच्या घरी गेलो. झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली आहे. खिडकीपाशी बसून ते डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होते. मी जुन्या गोष्टी काढल्या, चहाच्या, मुंगळ्याच्या. ते हं हं करत होते, पण लक्ष तिसऱ्या बटणावर. बटण काजाजवळ यायचं, टेकायचं आणि निसटायचं. आतून सुनेने विचारलं, "बाबा, येऊ का?" "नको." पुन्हा टेकलं, पुन्हा निसटलं. भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं गेली. माझे हात, देवाशपथ, आपोआपच पुढे झाले.

"मिस्त्री, द्या, मी लावतो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हात मांडीखाली घाला, भाऊसाहेब."