काळजीवाहू गोलरक्षक

ज्या गोष्टीची आमच्या घरमालकांना भीती वाटत नाही, अशी गोष्ट मुळशी तालुक्यात तरी अजून निर्माण झालेली नव्हती. धरण भरलं की ते फुटेल म्हणून त्यांना भीती वाटे आणि नाही भरलं तर पुढच्या वर्षी काय होईल म्हणून वाटे. पिरंगुटचा घाट चढताना ते बसमध्ये डोळे मिटून घेत आणि उतरताना ब्रेकच्या आवाजाकडे कान लावून बसत. मी परभणीहून नुकताच आलो होतो, पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटलो होतो आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभा होतो. त्यांनी मला नाव-गाव काही विचारलं नाही. पहिला प्रश्न आला तो असा: "पाव्हणं, झोपंत चालायची सवय न्हाई ना? जिन्याला कठडा न्हाई, म्हनून इचारलं." झोपेत मी आजवर धड कूससुद्धा बदललेली नव्हती. तरी पुढचा महिनाभर मी एक पाय पंच्याने खाटेला बांधून झोपलो. त्यांच्या सहवासात कुणीही धडधाकट माणूस असाच खचत जाई.

तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, पण कपाळावरच्या आठ्यांमुळे दहा वर्षांनी मोठे वाटत. उंच, हात गुडघ्यांच्या जरा वरपर्यंत येणारे, डोळे सतत इकडून तिकडे फिरणारे. घरची भाताची खाचरं, मागे चार भाड्याच्या खोल्या, दारात एक म्हैस. सुखवस्तू म्हणावा असा माणूस. पण बाहेर जायचं ठरलं की गॅसची चावी तीनदा बघायची, कुलूप चारदा ओढायचं, आणि पौड रस्त्यावर बस समोर दिसली की चावीच्या आठवणीने पुन्हा घरी यायचं. असा त्यांचा प्रवास सुरू होई. कित्येकदा तो तिथेच संपेसुद्धा. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. त्या नवऱ्याच्या अगदी उलट, खणखणीत बाई. एकदा मला म्हणाल्या, "भावजी, लग्नात अंतरपाट धरला व्हता तवा बी ह्ये वर बघत व्हते. मांडवाचा बांबू पडतोय का म्हनून."

"आन् पडला की!" मालक आतून ओरडले.

"पडला," वहिनींनी मान्य केलं. "आन् ह्यांनी वरच्या वर धरला. भटजींच्या डोक्याला वीतभर ऱ्हायला व्हता."

त्या वाक्यात पुढचं सगळं होतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या कारखान्याच्या सुरक्षा विभागावर एक निवृत्त सुभेदार होते. फौजेत असताना हॉकी खेळलेले. रविवारी नुसतं बसून त्यांचं अंग आंबायला लागलं, तेव्हा त्यांनी आसपासच्या चार-पाच कारखान्यांतली माणसं गोळा करून रविवारची हॉकी सुरू केली. मैदान म्हणजे मालकांच्या बांधाला लागून असलेला मुरमाचा तुकडा. खेळाडू म्हणजे चाळिशीकडे झुकलेले, पोट सुटलेले फिटर, टर्नर आणि एक-दोन कॅन्टीनवाले. मी गुण लिहायला बसत असे. पहिल्याच रविवारी मालक बांधावरून हात जोडत आले.

"सायेब, माझी म्हस गाभण हाय. चेंडू लागला तर?"

"मग म्हैस हलवा," सुभेदार म्हणाले.

पण म्हैस हलवता येत नव्हती. पलीकडच्या बांधावर मालकांना दोन वर्षांपूर्वी साप दिसला होता. मग त्यांनी जुन्या कपाटाची एक फळी आणली आणि गोलच्या मागे, म्हशीच्या पुढे, ते स्वतः उभे राहिले. आमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून सुटलेला प्रत्येक चेंडू मागे जाऊन त्या फळीवर खाडकन आपटे. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सुभेदारांनी खेळ मधेच थांबवला.

"मालक, ती फळी खाली ठेवा आणि आत या."

"आत कशाला?"

"मागे उभं राहून जे अडवताय तेच पुढे उभं राहून अडवा. म्हशीला तेवढाच जास्त आधार."

हा युक्तिवाद मालकांना पटला. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, हॉकीची काठी धरायची कुठून हे विचारून घेऊन, ते गोलमध्ये उभे राहिले. त्या दिवशी आमच्यावर एकही गोल झाला नाही. म्हैस पुढे सुखरूप व्यायली, पण मालक काही गोलमधून बाहेर आले नाहीत.

आता कुणाला वाटेल, खेळामुळे त्यांची भीती गेली असेल. छे! उलट तिला एक नवीन शेत मिळालं. सामन्याआधी ते पायांच्या पॅडचे पट्टे तीनदा तपासत, मग मला तपासायला लावत, मग मी नीट तपासले की नाही याची त्यांना काळजी लागे. हेल्मेटच्या आत त्यांनी दवाखान्याचा फोन नंबर लिहून ठेवला होता आणि त्याखाली वहिनींचं नाव. सामना सुरू झाला की तोंडाची टकळी सुरू: "त्यो बघा डावीकडनं आला! आरं, त्यो मारनार! मारनारच त्यो! म्या म्हनलं न्हवतं?" या आक्रोशातून आमच्या बचाव फळीला चेंडू कुठून येतोय याची बिनचूक बातमी मिळे. मी एकदा सुभेदारांना विचारलं, यांना हे जमतं कसं? ते म्हणाले, "बाकीचे गोली चेंडू मारल्यावर हलतात. हा बाबा मारायच्या आधीच रडायला लागतो."

दोन वर्षं आम्ही रविवारच्या सामन्यांची ढाल जिंकली. मग पुण्यातल्या एका क्लबने त्यांना बोलावलं. सुभेदार त्यांना स्कूटरवर मागे बसवून पिंपरीला नेत. मालक पिरंगुटपासूनच गोलकीपरचं हेल्मेट घालून बसत. पिंपरीचं मैदान म्हणजे हिरवा कृत्रिम गालिचा. पहिल्या दिवशी तिथून आले ते हादरूनच. "पाव्हणं, त्येच्यावर पानी मारत्यात! मुद्दाम! मानूस घसरून पडावा म्हनून!" तरी ते जात राहिले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढं मात्र मी पाहत होतो, की सोमवार ते शनिवार हा माणूस कधी आभाळाकडे, कधी विजेच्या तारेकडे, कधी दुधाच्या पातेल्याकडे बघत झिजत असे आणि रविवारी सकाळी मात्र गॅसची चावी एकदाच बघून निघे.

गोलमध्ये उभं राहिल्यापासून अशी पाचेक वर्षं गेली. त्या सुमारास देशात मानधन देऊन खेळवली जाणारी हॉकीची लीग सुरू झाली होती. तिच्यातल्या एका संघाच्या राखीव गोलकीपरचं बोट ऐनवेळी मोडलं आणि त्या संघाच्या प्रशिक्षकांनी कधीतरी पिंपरीच्या एका स्पर्धेत आमच्या मालकांना पाहिलेलं होतं. फोन वहिनींनी घेतला. चार दिवसांत चंडीगडला पोचायचं होतं.

मालक त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा पार उतरलेला.

"चौतीस वर्सांचा हाय मी," ते मला म्हणाले. "तितली पोरं इशीतली. देशाकडनं खेळल्याली. मला कोनी इचारलं, हॉकी कुटं शिकलास, तर काय सांगू? म्हशीच्या म्होरं?"

"तसंच सांगा," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी जावा ह्यांच्यासंगं. हितं ऱ्हायले तरी घाबरनारच हायेत. मग तितं जाऊन घाबरू द्या की. हितल्यापरीस तितं उपेगाला तरी यील." हे बोलताना त्या हसल्या, पण पदराचं टोक त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळलेलं मी पाहिलं. नवऱ्यासारखी भीती त्यांनाही शिवत होती. त्या फक्त दाखवत नव्हत्या.

मी माझ्या लग्नासाठी साठवून ठेवलेली तीन आठवड्यांची रजा काढली. लग्न अजून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती.

आगगाडीत मालक वरच्या बर्थवर झोपेनात, कारण पडण्याची भीती. खालच्या बर्थवर झोपेनात, कारण वरचा बर्थ पडण्याची भीती. दीड दिवस ते ताठ बसून राहिले आणि त्यांना सोबत म्हणून मीही बसलो. संघातली पोरं चांगली होती. त्यांना 'अंकल' म्हणत. पण सरावात ती चेंडू मारायला लागली की मला काठावर बसून घाम फुटे. पिरंगुटचा चेंडू दिसत तरी होता. इथे फक्त आवाज ऐकू येई. मालक पहिल्या दिवशी सगळ्या अंगावर काळे-निळे होऊन आले. मला म्हणाले, "पाव्हणं, तिकिटं काढा." मी काढली नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले नाहीत, त्याने मला जास्तच धास्ती वाटली.

सामन्यांत ते राखीव म्हणून बाकावर बसत. मुख्य गोलकीपरच्या तब्येतीची त्यांना इतकी काळजी, की तो नुसता खाकरला तरी हे उभे राहत. "ह्येला काय व्हऊ नये," एवढं एकच मागणं ते करत. सहा सामने देवाने ऐकलं. सातव्यात ऐकलं नाही. आमचा संघ एका गोलने पुढे होता. बरोबरी झाली तर स्पर्धेतून बाहेर, अशी परिस्थिती. आणि एक फटका त्या गोलकीपर पोराच्या गुडघ्यावर असा बसला, की त्याला उचलूनच न्यावं लागलं. अकरा मिनिटं उरली होती.

प्रशिक्षकांनी बाकाकडे पाहिलं. "चलो, अंकल."

मालक उठले. मी कठड्याला धरून उभा होतो. ते पट्टे तपासतील म्हणून वाट पाहत होतो. त्यांनी तपासले नाहीत. एकदाही नाही. हेल्मेट घातलं आणि शेताच्या बांधावरून चालावं तसे सरळ गोलकडे गेले. मला वाटलं, आता वहिनींना मी काय तोंड दाखवणार?

त्या अकरा मिनिटांत चार पेनल्टी कॉर्नर आले. म्हणजे चेंडू रेषेवरून बाहेर ढकलायचा, समोर एकाने अडवायचा आणि दुसऱ्याने जीव खाऊन गोलवर हाणायचा. मदतीला चारच गडी, पण फटका अंगावर घ्यायचा गोलकीपरनेच. पहिला फटका त्यांच्या पॅडला लागून उडाला. दुसरा त्यांनी काठीने बाहेर लोटला. तिसरा हेल्मेटवर बसला, त्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला आणि मी मटकन खाली बसलो. चौथ्याच्या वेळी मी बघितलंच नाही. फक्त ऐकत होतो. आणि तेव्हा लक्षात आलं, की मालक बोलत नाहीयेत. पाच वर्षांत पहिल्यांदाच गोलमधून आवाज येत नव्हता. मग एकदम आरडाओरडा झाला. डोळे उघडले तर चेंडू मैदानाबाहेर होता आणि पोरांनी अंकलना खांद्यावर घ्यायची खटपट चालवली होती.

मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो तेव्हा ते एका कोपऱ्यात बसले होते. मला बघून म्हणाले, "पाव्हणं, आत गेलो आन् काईच वाटंना. भीतीच न्हाई. म्हनलं, मेलो का काय मी?"

"मग?"

"मग चेंडू लागला डोस्क्याला. दुखलं. तवा कळलं, जित्ता हाय." आणि हा सहा फुटी माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. "लई निवांत व्हतं वो तितं. लई निवांत."

पुढच्या सामन्यापर्यंत मुख्य गोलकीपरचा गुडघा बरा झाला. मालक बाकावर बसले, संघ हरला, आम्ही घरी आलो. पिरंगुटात हलगी लावून मिरवणूक निघाली आणि मालक सबंध वेळ फटाक्यांपासून लांब चालत होते. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्या संघाने विशीतला एक गोलकीपर घेतला होता, आणि ते रास्तच होतं. तरी त्या हंगामात मालक अधूनमधून फोन उचलून तो चालू आहे ना ते बघत. काही वर्षांनी ती लीगही बंद पडली. मुरमाच्या मैदानावर कुठल्याशा कारखान्याची शेड उभी राहिली. सुभेदार गावी गेले.

दोन हजार नऊ साली माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढवताना मालकांनी दोरी तीनदा ओढून बघितली आणि मग माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"एक इचारू का पाव्हणं? तुमाला कवा आलाय का त्यो अनुभव? त्या अकरा मिन्टांसारखा?"

मी खरंच आठवून पाहिलं. नोकरी, आई-वडील, नुकतंच झालेलं लग्न. सगळीकडे काही ना काही धाकधूक होतीच.

"नाही," मी म्हणालो.

त्यांना माझं फार वाईट वाटलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"वय काय आता तुमचं?"

"तेहेतीस."

"मग हाय की येळ," ते म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जराशा सैल झाल्या.